बारा कोपऱ्यांचं नाणं

मी शिकवते त्या पैठणच्या शाळेतून परत येताना एसटीच्या कंडक्टरनं तिकिटाचे उरलेले पैसे हातावर ठेवले आणि तो पुढच्या सीटकडं सरकला. मी खिडकीबाहेर बघत होते. मूठ मिटली तेव्हा बोटांना काहीतरी अनोळखी लागलं, म्हणून खाली बघितलं. वीस रुपयांचं नाणं होतं. ते निघाल्याचं ऐकून किती तरी वर्षं झाली होती, पण माझ्या हातात पहिल्यांदाच आलं. पूर्ण गोल नाही, बारा कोपऱ्यांचं. कडेचा वेढा पांढरा, आतली चकती पिवळसर. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वीसचा आकडा आणि त्याच्या शेजारी धान्याची नक्षी. इतर नाण्यांच्या कडेला असतात तशा बारीक रेघा नाहीत. बोट फिरवलं की एक सपाट धार, मग कोपरा, पुन्हा धार, पुन्हा कोपरा.

हे नाणं निघालं तेव्हा पेपरात आलं होतं, की ज्यांना दिसत नाही त्यांना नुसत्या हातानं ओळखता यावीत अशी ही नवी नाणी घडवली आहेत. ती बातमी मी अप्पांना वाचून दाखवली होती. अप्पा म्हणजे माझे वडील. पिशोरला असताना, चार वर्षांचे होते तेव्हा, त्यांना देवी आल्या आणि डोळे गेले. बातमी ऐकून ते म्हणाले, "आलं की आण माय. बघू कसं केलंय."

ते आणायला मला इतकी वर्षं लागली. बिडकीन गेलं, चितेगाव गेलं. नाणं मुठीत गरम होत होतं आणि घरी जायची मला भीती वाटत होती.

अप्पांचा टेलिफोन बूथ होता, बसस्थानकाच्या दारातच. ज्यांना दिसत नाही त्यांना तेव्हा असे बूथ मिळायचे. पिवळा रंग दिलेली प्लायवूडची खोली, तिच्यात एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी काचेची चौकट, आणि बाहेरच्या फळीवर रुपया टाकायचा लाल फोन. शाळा सुटली की मी तिथं जायची आणि संध्याकाळी अप्पांचं कोपर धरून त्यांना घरी आणायची. रिसीव्हरला एक वास असायचा, दिवसभरातल्या शंभर माणसांच्या श्वासाचा, तंबाखूचा, खोबरेल तेलाचा. अप्पा तो ओल्या फडक्यानं दर तासाला पुसायचे, तरी तो जायचा नाही. बाहेरून डिझेलचा धूर यायचा, भज्यांचा वास यायचा, हिवाळ्यात पेरूच्या टोपल्या यायच्या. कन्नडची, सिल्लोडची, जालन्याची गाडी लागली की भोंगा घरघरायचा आणि अप्पा बोलता बोलता थांबायचे, कारण कुणाला कुठल्या फलाटावर जायचं हे त्यांनाच विचारायची लोकांना सवय होती.

काचेआड माणसं मोठ्यानं बोलायची. पोरगी झाली. गाडी चुकली. आई गेली, निघा. अप्पा तोंड फिरवून बसायचे, जणू ऐकूच येत नाही. पण कुणाच्या मरणाचा फोन झाला की पैसे घ्यायचे नाहीत. ते माणूस हातात पैसे धरून उभं राहायचं आणि अप्पा म्हणायचे, "राहू द्या. गाडी बघा आता." हा त्यांचा नियम होता. आईला तो पटायचा नाही.

आणि सगळीकडं नाणी. बूथ म्हणजे नाण्यांचंच घर होतं. अप्पांनी मला अक्षरांच्या आधी नाणी शिकवली. म्हणायचे, "डोळे मीट. आता सांग." जुनी, बंद पडलेली नाणी त्यांनी एका डबीत जपली होती. पाच पैशाचं चौकोनी, दहा पैशाचं फुलासारख्या कडेचं, वीस पैशाचं सहा कोपऱ्यांचं, हातात घेतलं की पिसासारखं हलकं. मग चालणारी. चाराणे नखाएवढे. पाचाचं जाड, कडेवर मधोमध खाच असलेलं. आणि दोनाचं, अकरा कोपऱ्यांचं. ते त्यांचं सगळ्यात आवडतं. अंगठ्यानं फिरवत म्हणायचे, "हे शहाण्या माणसानं केलंय माय. त्यानं एकदा तरी डोळे मिटून बघितलं असंल."

शेजारी रऊफचाचांची चहाची टपरी होती. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की ते शहाबादी फरशीवर एखादं नाणं टाकायचे.

"उस्ताद, बोलो."

"आठाणे."

"अब?"

"रुपया. पण घासलेला है. जुना है."

"हौ जी. क्या कान है तुमारे," चाचा म्हणायचे आणि चहाचा ग्लास अप्पांच्या हातात द्यायचे. ग्लास कुठं धरायचा ते अप्पांना सांगावं लागायचं नाही. वाफ कळायची. उभी राहिलेली माणसं हसायची, आपापल्या खिशातलं नाणं काढून टाकून बघायची. अप्पा एकदाही चुकल्याचं मला आठवत नाही. मी फळीवर बसून पाय हलवत हे बघायची आणि मला वाटायचं, माझ्या वडिलांना जे येतं ते या सगळ्या बसस्थानकात कुणालाच येत नाही.

घरी संध्याकाळी लाईट जायची. तेव्हा रोजच जायची. आई चुलीपुढं भाकरी थापत असायची, तिच्या हातांचा आवाज एका लयीत यायचा, आणि अप्पा मांडीवर जाड तपकिरी पुस्तक घेऊन बसायचे. अंधशाळेच्या ग्रंथालयातलं, ठिपक्यांचं. अख्ख्या गल्लीत अंधार आणि आमच्या घरात एक माणूस वाचतोय. त्यांची बोटं कागदावरून सरकताना पावलांसारखा बारीक आवाज यायचा. कधी राजाच्या गोष्टी, कधी प्रवासाच्या, कधी नुसतीच शेतीची माहिती. शेजारच्या बायका उंबऱ्यात येऊन बसायच्या. भाकरीच्या वासात ते ऐकताना मला लाईट येऊ नये असं वाटायचं. ती आली की बायका उठून जायच्या आणि अप्पा पुस्तक मिटायचे.

मग काय काय झालं ते क्रमानं सांगता येत नाही. नाणी बदलली हे मात्र आठवतं. सगळी गोल, सगळी पोलादाची, एकाच वजनाची वाटावीत अशी. अप्पा एका हातात रुपया आणि दुसऱ्या हातात दोन रुपये घेऊन बराच वेळ उभे राहायचे. "जुळी लेकरं झालीत सगळी," म्हणायचे. लोकांच्या खिशात फोन आले. काचेची चौकट रिकामी राहू लागली, तिच्यात कोळ्यानं जाळं केलं. रऊफचाचा एका रमजानमध्ये गेले. त्यांच्या टपरीला आधी कुलूप दिसायचं, मग टपरीही दिसेना. बूथमध्ये अप्पा बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या ठेवून बसू लागले.

नोटा बदलल्या त्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढं एक नोट धरली. जुन्या नोटा ते बोटांवर मोजून ओळखायचे, नव्यांची मापं अजून हातात बसली नव्हती.

"माय, हे पाचशे ना? एक जण देऊन गेला. बाकीचे परत दिले मी त्याला."

"शंभर आहेत, अप्पा."

त्यांनी नोट घडी करून खिशात ठेवली. हात धुतले, जेवायला बसले, अर्धी भाकरी ठेवून उठले. दोन दिवस बूथवर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणू लागले, नोट नको, चिल्लर असंल तर द्या. चिल्लर कुणाकडंच नसायची. त्या दिवशी मी खोटं बोलायला हवं होतं का, हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही. पुढं बसस्थानक नव्यानं बांधायचं म्हणून बूथही उचलला. ज्या जागी तो होता तिथं पत्रे उभे केले. अप्पा घरी बसले. आई त्याच्या पुढच्या वर्षी गेली.

पुस्तकं तेवढी राहिली होती. मी महिन्यातून एकदा ती बदलून आणायची. मागच्या पावसाळ्यात एक नवं पुस्तक दिलं, तर अप्पांनी पहिलं पान चाचपलं, दुसरं चाचपलं, आणि मिटून बाजूला ठेवलं.

"टिंबं बसलीत याची. जुनं झालंय."

मी पान उघडून बोट ठेवलं. ठिपके मोहरीच्या दाण्यासारखे वर आलेले होते. पुस्तक कोरं करकरीत होतं, कागदाला अजून डिंकाचा वास होता. अप्पांना साखर होती, पायाची बोटं आधीच बधिर झाली होती हे माहीत होतं. हातांचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. डॉक्टरांनी सुईनं एकेका बोटाला टोचून विचारलं, लागतं का. अप्पा सगळ्या बोटांना "व्हय" म्हणाले, आणि डॉक्टर काही बोटांना टोचतच नव्हते. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना ते म्हणाले, "बोटं झोपलीत, माय." एवढंच. त्यानंतर त्यांनी पुस्तक मागितलं नाही.

म्हणून मला एसटीत भीती वाटत होती. आणि म्हणूनच थोडी आशाही होती. ठिपके बारीक असतात, नाण्याचा कोपरा मोठा असतो. तो कदाचित लागेल.

घरी, भावसिंगपुऱ्यात पोचले तेव्हा पाणी आलेलं होतं. आठवड्यातून एकदा येतं. गल्लीभर मोटारी चालू होत्या, ड्रम भरून वाहत होते. अप्पा ओट्यावर खुर्चीत बसले होते. मी पिशवी ठेवली आणि काही न सांगता नाणं त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

त्यांनी ते फिरवलं. अंगठा कडेवरून गेला, परत आला.

"दहाचं?"

"वीसचं. मागं वाचून दाखवलं होतं बघा. बारा कोपरे आहेत त्याला."

"असं व्हय."

ते पुन्हा फिरवू लागले. कपाळाला आठ्या पडल्या. मग म्हणाले, "जरा कोमट पाणी आण." मी वाटीत आणलं. त्यांनी बोटं बुडवली, टॉवेलनं एकेक पुसली, जोरात चोळली, आणि पुन्हा नाणं धरलं. मी मोटारींचा आवाज ऐकत उभी राहिले. मग त्यांनी ते उचलून खालच्या ओठाला लावलं. ओठावर कड टेकवून ते हळूहळू फिरवायला लागले. ओठ अजून जागे होते. "एक. दोन. तीन." आठपर्यंत गेले आणि थांबले. कुठून सुरू केलं होतं ते हरवलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा आठ-नऊच्या आसपास हरवलं.

"आहेत कोपरे," ते म्हणाले. "अजून काय काढलंय?"

"धान्याची कणसं आहेत."

"कशाची? ज्वारीची?"

"कळत नाही. गव्हाची असतील."

"गव्हाची लोंबी असती. ज्वारीचं कणीस असं रेघांनी नाय काढता येत. जाऊ दे." त्यांनी नाणं जमिनीवर टाकायला लावलं. मी टाकलं. जाडा, बसका आवाज आला. त्यांनी मान हलवली. "दोन धातू एकात बसवलेत. आवाज दोघांचाबी नाय राहिला. पण चांगलं केलंय माय. ज्यानं केलं त्यानं मनापासून केलंय. उशिरा केलं एवढंच."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी ते धुतलेला सदरा घालून तयार बसले होते. म्हणाले, बुद्धवंदनेला अगरबत्ती संपलीय, मी आणतो, तू नुसती सोबत चल. कित्येक महिन्यांत ते स्वतःहून कुठं गेले नव्हते. मी त्यांचं कोपर धरलं. नाणं त्यांनी उजव्या मुठीत घेतलं होतं. गल्लीतून जाताना भेटेल त्याला सांगत होते, वीसचं नाणं आलंय, आमच्यासाठी केलंय सरकारनं.

कोपऱ्यावरचं दुकान सविता चालवते. शेजारची सून, स्वभावानं चांगली. अप्पांनी अगरबत्तीचा पुडा मागितला आणि नाणं पुढं केलं. तिनं ते घेतलं, उलटंपालटं केलं.

"अप्पा, हे नाय चालत हो."

"चालतं," मी म्हणाले. "सरकारी नाणं आहे."

"मला ठाव है, ताई. पण माल आणणारा घेत नाय माझ्याकडून. मागं दहाची अशीच पडून राहिली." ती अप्पांकडं बघून वरमली. "मी फुकट देते पुडा. नायतर तुम्ही स्कॅन करा ना, ताई."

अप्पा म्हणाले, "फुकट नको." मी फोन काढला. काउंटरवरच्या डब्यातून बाईचा आवाज आला, वीस रुपये प्राप्त झाले. अप्पांनी मान तिकडं वळवली.

"कोण बोललं?"

"मशीन आहे, अप्पा. पैसे आले की बोलतं."

"असं व्हय," ते म्हणाले. "बरंय." सवितानं नाणं परत त्यांच्या तळव्यावर ठेवलं आणि त्यांनी मूठ मिटली.

आदल्या दिवशीच्या पाण्यानं गल्लीत चिखल होता. मी अप्पांना कडेकडेनं नेत होते. एका खड्ड्याशी त्यांचा पाय घसरला, त्यांनी तोल सावरला, आणि मुठीतून नाणं निसटताना मला दिसलं. दोन बोटांच्या मधून, हळूच. चिखलात पडलं, म्हणून आवाज आला नाही. अप्पांनी मूठ आणखी घट्ट केली आणि पुढचं पाऊल टाकलं.

माझा एक हात त्यांच्या कोपराला होता. मी वाकले असते तर त्यांना कळलं असतं. मी वाकले नाही. त्यांच्याबरोबर चालत राहिले. ते मूठ छातीशी धरून चालले होते आणि म्हणत होते, सविताची चूक नाय, तिला पुढं कुणी घ्यायला नको का.

ओट्यावर आल्यावर त्यांनी हात पुढं केला आणि मूठ उघडली. तळव्यावर काही नव्हतं. नखांचे चार लाल वळ होते.

"घे. नीट ठेव. पुढं चालंल."

मी त्यांच्या तळव्यावर चिमूट टेकवली आणि उचलली.

"घेतलं," मी म्हणाले.

दुपारी ते झोपल्यावर मी गल्लीत गेले. चिखल वरून वाळला होता, त्यात सायकलच्या चाकाची रेघ उमटली होती. काडीनं उकरून बघितलं. नाणं नव्हतं. जे कुणी घेत नाही ते कुणीतरी नेलं होतं. सवितानं दुकानातून विचारलं, काय हरवलं ताई, आणि मी काही नाही म्हणाले.

हे होऊन दीड महिना झाला. अप्पा आता ओट्यावरसुद्धा फारसे येत नाहीत. आत पलंगावर असतात. पायाची जखम भरत नाही. मी शाळेतून आले की ते चपलांच्या आवाजावरून ओळखतात आणि आज कोणती गाडी मिळाली ते विचारतात. त्यांच्या उशाशी मी रेडिओ लावून ठेवते, ते तो बंद करतात.

परवा संध्याकाळी अचानक म्हणाले, "माय, ते नाणं आहे ना?"

"आहे."

"दे बरं जरा हातात."

मी कपाटाकडं गेले. पर्स उघडली. आत सुटे पैसे होते, सगळे गोल. त्यातल्या त्यात मोठं, दहाचं एक काढलं. हातात घेऊन उभी राहिले. मागून त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मग जाऊन ते त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

त्यांनी दोन्ही हातांत धरलं. अंगठा कडेवरून सावकाश फिरवला, एक वेढा, दुसरा वेढा. ओठाला लावलं नाही. जमिनीवर टाकायला सांगितलं नाही. बराच वेळ तसेच फिरवत राहिले, आणि मग माझ्या दिशेनं चेहरा करून म्हणाले, "आता लागतात बघ कोपरे."